टीव्हीवरचे तज्ज्ञ आणि कळमन्याची संत्री

‘काकू, सप्रेम नमस्कार. मी एकवीस वर्षांची आहे, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय राज्यशास्त्र. मला राष्ट्रीय सुरक्षा आणि परराष्ट्र धोरणातली तज्ज्ञ व्हायचं आहे. रोज रात्री टीव्हीवरच्या चर्चा बघते, वहीत टिपणं काढते. बाबांचं कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या अडतीचं काम आहे. ते म्हणतात, “हे काय पोट भरायचं काम आहे काय? बी.एड. कर, नाही तर यूपीएससीला बस.” यूपीएससीची मला भीती वाटते. इंग्रजी वाचता येतं, पण बोलायची वेळ आली की तोंडच उघडत नाही. एका ऑनलाइन संस्थेचा सहा महिन्यांचा “सर्टिफाइड स्ट्रॅटेजिक अॅनालिस्ट” कोर्स आहे, फी ४५ हजार. करू का? आणि दिल्लीला गेल्याशिवाय या क्षेत्रात काही होत नाही, हे खरं का?’
– प., प्रतापनगर, नागपूर

बेटा,

सगळ्यात सोप्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ते ४५ हजार बाबांच्या गल्ल्यातच राहू दे. या क्षेत्रात तुला पुढे जे कोणी दारात उभं करतील, ते असलं प्रमाणपत्र मागत नाहीत. लोकसेवा आयोग परीक्षा घेतो, विद्यापीठ प्रवेश परीक्षा घेतं, आणि संशोधन संस्था विचारते, ‘तुम्ही काय लिहिलंय ते दाखवा.’ प्रमाणपत्राची चौकट भिंतीवर बरी दिसते, एवढंच.

आता तुझ्या त्या शब्दाबद्दल. तज्ज्ञ. या नावाची जागा कुठल्याही जाहिरातीत निघत नाही. माणूस आधी काहीतरी दुसरं असतो. राजदूत असतो, कर्नल असतो, बर्मी भाषा शिकवणारी बाई असते, बंदराच्या कामातला वकील असतो. वीस वर्षं एकाच गोष्टीत मुरला की लोक त्याला तज्ज्ञ म्हणायला लागतात. टीव्हीवर क्रम उलटा दिसतो, कारण नावाखालची पट्टी आधी झळकते आणि माणूस काय बोलतो ते नंतर कळतं. सोमवारी तैवान, मंगळवारी गाझा, बुधवारी अर्थसंकल्प अशा तिन्ही दिवशी तोच चेहरा दिसला, तर तू काय समजायचं ते समज.

आपल्याकडे खरे निर्णय कोण घेतं ते बघ. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९९८ मध्ये स्थापन झाली, पोखरणच्या चाचण्या झाल्या त्याच वर्षी. तेव्हापासून आजवर राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले पाच: ब्रजेश मिश्र, जे. एन. दीक्षित, एम. के. नारायणन, शिवशंकर मेनन आणि अजित डोवाल. मिश्र, दीक्षित आणि मेनन परराष्ट्र सेवेतले, उरलेले दोघं पोलीस सेवेतले. यात प्राध्यापक एकही नाही, पत्रकार एकही नाही. इंटरनेटवर ‘करिअर मार्गदर्शन’ म्हणून तू जे बघतेस, त्यातलं बरंचसं अमेरिकेच्या मापाचं असतं. तिथे हेन्री किसिंजर हार्वर्डच्या वर्गातून उठून १९६९ मध्ये निक्सनच्या व्हाइट हाउसमध्ये बसले, कोंडोलीझा राइस स्टॅनफर्डमधून आल्या. सरकार बदललं की विद्यापीठातली माणसं सरकारात जातात आणि मुदत संपली की परत फळ्यासमोर. आपल्याकडे ते दार किलकिलं आहे, सताड उघडं नाही. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळावर बाहेरच्या अभ्यासकांना घेतात, त्यांचं ऐकतातही. पण फाइलवर सही सेवेतल्या माणसाची.

म्हणून तू आधी स्वतःला एक प्रश्न विचार. तुला सही करायची आहे, की सही करणाऱ्यापुढे ठेवायचा कागद लिहायचा आहे? दोन्ही कामं मोलाची आहेत, पण वाटा वेगळ्या आहेत. आणि वयाच्या तिशीत ‘आपण चुकीच्या वाटेला लागलो’ हे कळणं फार महागात पडतं.

सही करायची असेल तर यूपीएससीला पर्याय नाही, बाबांचं तेवढं खरं आहे. परराष्ट्र सेवेत दरवर्षी जेमतेम काही डझन मुलं घेतात. खुल्या गटाला वय ३२ पर्यंत आणि सहा संधी, इतर मागासवर्गाला आणि अनुसूचित जाती-जमातींना त्याहून जास्त. सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१०० रुपये, भत्ते वेगळे, आणि परदेशी नेमणुकीतला भत्ता आणखी वेगळा. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. इंग्रजीचा एक पेपर असतो, तो नुसता पास व्हायचा असतो. भीती वाटते म्हणतेस, ती कशाची? अपयशाची असेल तर ती सगळ्यांनाच असते, निवड झालेल्यांनाही होती. पण ‘मला बदल्या, शिस्त, सरकारी भाषा, वरिष्ठांपुढे गप्प बसणं झेपणार नाही’ अशी असेल तर ती भीती नाही, तो विचार आहे, आणि त्याचा मान ठेव. परीक्षा देणार असशील तर जुन्या मॉरिस कॉलेजच्या आवारातल्या शासकीय प्रशिक्षण केंद्राच्या प्रवेशाची चौकशी कर. तुझ्या प्रवर्गाप्रमाणे महाज्योती, बार्टी, सारथी या सरकारी संस्थांच्याही योजना आहेत, महाज्योतीचं मुख्यालय तर आपल्याच गावात आहे. माझं मत विचारशील तर तीन प्रयत्न, त्यापुढे नाही. सोबत एम.ए. चालू ठेवायचं. सदाशिव पेठेत आणि दिल्लीच्या राजिंदर नगरात आठ-आठ वर्षं काढलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. त्यांना इतिहासाच्या सनावळ्या तोंडपाठ असतात आणि घरी फोन करायचा धीर नसतो.

गणवेशाची वाट म्हणशील तर लष्करी अधिकारी निवडणारी सीडीएस परीक्षा आहे, मुलींना त्यातून चेन्नईच्या अकादमीत जाता येतं. वयाची अट कडक आहे, तेव्हा विचार करायचा तर याच वर्षी कर. गुप्तवार्ता विभागातही पदवीधरांची भरती परीक्षेतून होते. मात्र ‘रॉमध्ये लावून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाज आणि रस्त्याला लाव.

कागद लिहिण्याची वाट मला जास्त ठाऊक आहे, कारण मी स्वतः तिच्यावर चार पावलं चाललेय. त्या काळी मी जी.टी. एक्स्प्रेसने दिल्लीला गेले, एम.फिल.साठी. पहिल्या चर्चासत्रात मला उभं केलं. मी नागपुरात इंग्रजी माध्यमाच्या वाऱ्यालाही न गेलेली. तीन वाक्यं बोलले आणि चौथं सापडेना. मागच्या बाकावरून हसू आलं. ते हसू मला अजून ऐकू येतं, खोटं कशाला सांगू. दोन वर्षांनी वडील आजारी पडले म्हणून परत आले आणि मग इथेच शिकवत राहिले. परत आले याचं दुःख नाही. पण त्या चौथ्या वाक्याची तयारी मी नागपुरातच करून गेले असते तर बरं झालं असतं, असं वाटतं. तुझ्या इंग्रजीचं औषध तेच आहे. रोज परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्याची साप्ताहिक पत्रकार परिषद किंवा संसदेतलं एखादं उत्तर घे, मोठ्याने वाच, पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत सांग. ‘स्पोकन इंग्लिश’च्या क्लासात ‘मे आय कम इन’ शिकवतात, ते तुला येतंच.

दिल्लीला जावं लागेल का? हो, काही वर्षं जावं लागेल. जेएनयूची आंतरराष्ट्रीय अध्ययनाची शाखा म्हणजे १९५५ साली सुरू झालेली स्वतंत्र संस्था, ती पुढे विद्यापीठात विलीन झाली. तिथल्या एम.ए.ला सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो आणि फी आपल्या आवाक्यातली असते. पुणे विद्यापीठातला संरक्षण व सामरिकशास्त्र विभागही चांगला आहे आणि पुणे तुझ्या घरच्यांना दिल्लीपेक्षा जवळचं वाटेल. एम.ए. करता करता नेट ही पात्रता परीक्षा दे. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७ हजार, म्हणजे बाबांच्या पोटाच्या प्रश्नाला निदान पाच वर्षांचं उत्तर. संशोधन संस्था पुष्कळ आहेत. संरक्षण मंत्रालयाच्या पैशावर चालणारी, १९६५ साली सुरू झालेली आणि आता मनोहर पर्रीकरांचं नाव असलेली संस्था, सप्रू हाउसमधली जागतिक घडामोडींची परिषद, ओआरएफ, मुंबईचं गेटवे हाउस, बंगळुरूची तक्षशिला. तिथली सुरुवातीची कामं बहुधा कराराची असतात, वर्ष-दोन वर्षांची. पगारात घरभाडं आणि डबा निघतो, बाकी फार नाही. हे बाबांना लपवू नकोस.

आणि आता ज्याबद्दल मला खरं बोलायचं आहे ते. तुझी वही मी डोळ्यांसमोर आणली. त्यात इराण असेल, युक्रेन असेल, दक्षिण चिनी समुद्र असेल. नागपूर आहे का?

वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, म्हणजे विमानांच्या दुरुस्ती-देखभालीचं देशभराचं काम इथून चालतं. कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे सात तुकडे करून कंपन्या केल्या, त्यातल्या यंत्र इंडियाचं मुख्यालय अंबाझरीला आहे. सोलर समूहाच्या इथल्या कारखान्यात पिनाकची रॉकेटं बनतात, ‘नागास्त्र’ नावाचं घिरट्या घालून लक्ष्यावर आदळणारं ड्रोनही बनतं. आर्मेनियाने भारताकडून पिनाक घेतलं, ती बातमी तू टीव्हीवर पाहिली असशील. पण असा माल देशाबाहेर जाताना काय काय लागतं, याचा विचार केलायस? नियंत्रित मालाची यादी असते, तिला स्कोमेट म्हणतात. परवाना लागतो. माल शेवटी कोण वापरणार याचं प्रमाणपत्र लागतं. घेणाऱ्या देशावर कुणाचे निर्बंध आहेत का, ते तपासावं लागतं. हे सगळं वाचणारी, समजणारी, चिठ्ठी लिहिणारी माणसं कंपन्यांना हवी असतात आणि ती सहज मिळत नाहीत. इंजिनिअरला कायदा येत नाही, वकिलाला रॉकेट कळत नाही, आणि दोघांनाही आर्मेनिया-अझरबैजानचं भांडण माहीत नसतं. राज्यशास्त्राच्या मुलीला तिथे जागा आहे. टीव्हीवर तुला कुणी बोलावणार नाही, पण पगार वेळेवर होईल.

दुसरं, भाषा. विजय गोखले परराष्ट्र सचिव झाले, चीनचे जाणकार म्हणून त्यांचा शब्द आजही वजनाचा आहे, आणि त्यांना चिनी भाषा येते. जयशंकर मॉस्कोत पहिल्या नेमणुकीला रशियन शिकले. परराष्ट्र सेवेत प्रत्येकाला एक परकी भाषा शिकावीच लागते, ती काही हौस म्हणून नाही. तू आत्ता, नागपुरात, कुठली शिकशील? सगळे फ्रेंच-जर्मनकडे धावतात. मी तुला दोन वेगळी नावं सुचवते, ऐकून हसशील.

एक पाली. आपल्या विद्यापीठात पालीचा विभाग आहे. दीक्षाभूमी रोज डोळ्यांसमोर असते, कामठीला जपानी मदतीतून उभं राहिलेलं ड्रॅगन पॅलेस आहे. श्रीलंका, म्यानमार, थायलंड या देशांत धर्मग्रंथांची भाषा पाली आहे आणि भारत सरकार बौद्ध वारशाला परराष्ट्र धोरणाचं साधन मानतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले, त्याच निर्णयात पालीलाही तो मिळाला, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिलं. पालीसोबत सिंहली किंवा बर्मी धरलीस तर तुझ्यासारखी मुलगी अख्ख्या दिल्लीत शोधून सापडायची नाही.

दुसरी तिबेटी. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, नॉर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे. आपल्याकडून सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचतो. दलाई लामांनंतर कोण, या प्रश्नावर बीजिंग आणि दिल्ली दोघांचंही लक्ष आहे, आणि त्या प्रश्नाशी ज्यांचं आयुष्य बांधलेलं आहे ती माणसं आपल्या विदर्भातच भातशेती करतात. त्यांच्याशी बोललेला एक तरी तज्ज्ञ तुझ्या त्या रात्रीच्या चर्चेत होता काय?

नरसिंह रावांची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगायची. माणूस तेलंगणातला, कायदा शिकला नागपूर विद्यापीठात, १९८४ आणि १९८९ ला निवडून आला रामटेकमधून. १९८८ च्या डिसेंबरात राजीव गांधी चीनला गेले, चौतीस वर्षांनी भारताचा पंतप्रधान तिथे जात होता, तेव्हा देशाचा परराष्ट्रमंत्री रामटेकचा खासदार होता. मराठी इतकं पक्कं की एक मराठी कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. पुढे पंतप्रधान झाल्यावर आग्नेय आशियाकडे पाहायचं धोरण आखलं. मुलं विचारायची, ‘मॅडम, रामटेकच्या लोकांना हे माहीत होतं?’ मी म्हणायची, रामटेकच्या लोकांना रस्त्याचं काय झालं ते माहीत करून घ्यायचं होतं, आणि त्यांचंही बरोबरच होतं.

आता बाबा. ‘हे काय पोट भरायचं काम आहे काय’ म्हणणारे तुझे बाबा गेली काही वर्षं परराष्ट्र धोरणावरच पोट भरताहेत, त्यांना कुणी तसं सांगितलं नाही एवढंच. विदर्भाच्या संत्र्याचा परदेशातला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक बांगलादेश. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीचा माल ट्रकने पेट्रापोलच्या नाक्यावरून पलीकडे जातो. त्या देशाने काही वर्षांत आयात शुल्क इतकं वाढवलं की माल बांधावर पडून राहिला आणि २०२३ मध्ये राज्य सरकारला निर्यातीवर अनुदान जाहीर करावं लागलं. तुझ्या टीव्हीवर याची चर्चा झालीच असती तर अर्ध्या मिनिटात ‘भारतविरोधी कट’ ठरला असता. आता जरा थांब. तेव्हा ढाक्यात सरकार होतं शेख हसीनांचं, दिल्लीचं सगळ्यात जवळचं मानलं जाणारं. मग मित्राने संत्र्यावर कर का वाढवला? कारण त्यांची डॉलरची गंगाजळी आटत होती. २०२२ मध्ये त्यांनी चैनीच्या मानलेल्या कितीतरी वस्तूंवर जादा शुल्क लावलं, त्यात फळंही आली. सफरचंदवाल्यांनाही फटका बसला. वैर नव्हतं, खिसा रिकामा होता. आणि ५ ऑगस्ट २०२४ ला हसीनांचं सरकार पडल्यावर तर प्रश्नच बदलला, आता खिसा आणि मन दोन्ही बघावं लागतं.

हे वेगळं करता येणं, म्हणजे कुठे शेजाऱ्याचा राग आहे आणि कुठे शेजाऱ्याची अडचण, हेच त्या कामाचं मूळ. बाकी सगळं नावं आणि नकाशे.

तेव्हा या रविवारी एक कर. बाबा दुपारी जेवून पडायच्या आधी त्यांच्यासमोर वही घेऊन बस. विचार: बांगलादेशचा व्यापारी पैसे कसे देतो, किती दिवसांनी देतो? नाक्यावर गाडी किती दिवस थांबली होती आणि थांबली की किती माल सडतो? अंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या संत्र्याचा, भाव शुल्क वाढायच्या आधी काय होता, नंतर काय झाला? दुबईला का पाठवत नाही? (ते सालीचं आणि टिकण्याचं काहीतरी सांगतील, नीट लिहून घे, त्यात पुढच्या दहा वर्षांचा अभ्यास आहे.) मग संसदेच्या संकेतस्थळावर जा, संत्रा आणि बांगलादेश या विषयावर खासदारांनी काय विचारलं आणि वाणिज्य मंत्रालयाने काय उत्तर दिलं ते शोध. लोकसभेची प्रश्नोत्तरं सगळ्यांना फुकट वाचता येतात, आणि ही टीव्हीवरची माणसं ती वाचत नाहीत, हे तुझ्या फायद्याचं आहे. दोन्ही समोर ठेवून एक पान लिही. एकच. दुसरं पान झालं तर फाड आणि पुन्हा लिही. पानाच्या शेवटी सांग की सरकारने नेमकं काय करावं, आणि तसं केलं तर कुणाचं नुकसान होईल. हे शेवटचं लिहायला कुणाला आवडत नाही, म्हणून तर तू लिही.

पान झालं की आधी बाबांना वाचून दाखव. ते चुका काढतील, आवाजही चढवतील, ‘असं नसते बाप्पा’ म्हणतील. तेवढं दुरुस्त करून मला पाठव. मराठीतच पाठव, इंग्रजी आपण मागाहून करू. आणि येताना अंबियाची चार संत्री असतील तर कुणी नाही म्हणणार नाही.

तुझी,
काकू